संकटसमयीची संगणकप्रणाली आणि भयग्रस्त माणूस : नागपूरच्या संदर्भात एक चिकित्सक विवेचन

सारांश

आपत्कालीन प्रतिसादासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालींचे मूल्यमापन सामान्यतः त्यांतील सोयींची संख्या आणि गाडी पोहोचण्याचा सरासरी वेळ या दोन निकषांवर केले जाते. प्रस्तुत लेखात तिसरा निकष मांडला आहे. तो म्हणजे, घाबरलेल्या माणसाकडून प्रणाली किती आणि काय मागते. हाक देणारा नागरिक, हाक ऐकणारा कर्मचारी आणि धावून जाणारा जवान हे तिघेही तीव्र ताणाखाली असतात. प्रणालीची रचना मात्र बहुधा चौथ्या, म्हणजे निवांत बसून आकडे पाहणाऱ्या माणसाच्या सोयीने होते. महाराष्ट्रातील ११२ ही सेवा, नागपूरचा २०२३ मधील पूर आणि परदेशांतील काही घटना यांच्या आधारे हे विवेचन केले आहे.

बीजशब्द : आपत्कालीन प्रतिसाद, मानसिक ताण, संगणकप्रणालीची रचना, ११२, नागपूर.

१. प्रस्तावना

संगणकावर चालणाऱ्या बहुतेक प्रणाली निवांत माणसासाठी घडवलेल्या असतात. रेल्वेचे आरक्षण करणारा किंवा परीक्षेचा अर्ज भरणारा मनुष्य खुर्चीवर बसलेला असतो. चूक झाली तर मागे जाऊन ती सुधारण्यास त्याला अवधी असतो, आणि एखादा शब्द कळला नाही तर शेजाऱ्याला विचारण्याची सोय असते. घराला आग लागली आहे, छातीत कळ येत आहे किंवा अंगणातले पाणी उंबरठा ओलांडून आत आले आहे, अशा माणसाची स्थिती वेगळी असते. त्याच्या हातात तोच मोबाइल असतो, पण तो माणूस तोच उरलेला नसतो.

या फरकाची दखल आपल्याकडील तांत्रिक चर्चेत अभावानेच घेतली जाते. नवी आपत्कालीन सेवा सुरू होताना तिच्यातील वाहनांची संख्या, पडद्यांचा आकार, नकाशांची अचूकता आणि खर्चाचा आकडा यांची वर्णने प्रसिद्ध होतात. ती वापरताना माणसाचे हात थरथरत असतील, डोळ्यांपुढे धूर असेल किंवा तोंडातून शब्दच फुटत नसेल, याचा विचार कुठे केला आहे, हा प्रश्न विचारला जात नाही. तो विचारणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नागपूर हे त्यासाठी योग्य स्थान आहे. राज्याच्या ११२ सेवेचे दुय्यम मध्यवर्ती केंद्र या शहरात आहे, देशातील आपत्कालीन प्रशिक्षणाच्या जुन्या संस्था येथे आहेत, आणि २०२३ मध्ये या शहराने स्वतःच पुराचा अनुभव घेतला आहे.

२. तीव्र ताणाखाली बुद्धीचे व्यवहार

ताणामुळे माणसाच्या आकलनशक्तीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, उद्दीपन वाढत गेले तरी सोपे काम टिकून राहते, परंतु अवघड काम एका मर्यादेनंतर ढासळू लागते. १९५९ मध्ये ईस्टरब्रुक यांनी मांडले की, भावनिक क्षोभात अवधानाचा परीघ आकुंचन पावतो. मध्यभागी असलेली गोष्ट दिसते, कडेची दिसत नाही. पर्यायांची संख्या वाढली की निवडीस लागणारा वेळ वाढतो, हे हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. १९५६ मध्ये मिलर यांनी एका वेळी मनात धरता येणाऱ्या घटकांची संख्या सातच्या आसपास सांगितली. मात्र ती शांत प्रयोगशाळेतील आहे, हे विसरून चालणार नाही.

या सर्वांना पूरक असा एक विचार गॅरी क्लाइन यांनी अमेरिकेतील अग्निशमन अधिकाऱ्यांच्या अभ्यासातून मांडला. अनुभवी अधिकारी आगीसमोर उभा राहून चार पर्यायांची तुलना करीत बसत नाही. समोरचे दृश्य पूर्वी पाहिलेल्या कोणत्या प्रसंगासारखे आहे हे तो ओळखतो आणि त्यानुसार पाऊल उचलतो. म्हणजेच संकटात माणूस विचार करण्यापेक्षा ओळखण्यावर अधिक भिस्त ठेवतो. यातून रचनाकारासाठी एक सरळ नियम निघतो. जी प्रणाली संकटात वाचायला, आठवायला आणि निवडायला लावते ती माणसाच्या दुबळ्या बाजूवर ओझे टाकते. जी ओळखायला लावते ती त्याच्या शिल्लक शक्तीचा उपयोग करते.

३. ९९९ ते ११२ : क्रमांकामागील विचार

संकटसमयीच्या रचनेचा विचार संगणकापूर्वीचा आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने दूरध्वनी केला होता, परंतु इतर सामान्य कॉलांच्या रांगेत तो अडकून पडला. त्यानंतरच्या चौकशीतून ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो ठरवताना केलेला विचार आजही अभ्यासण्यासारखा आहे. १११ हा क्रमांक तारा एकमेकींना घासल्यानेही आपोआप लागण्याची भीती होती. चकतीच्या दूरध्वनीवर शून्याच्या शेजारचे ९ हे छिद्र अंधारात किंवा धुरात बोटांनी चाचपून सापडण्याजोगे होते. असा कॉल आला की केंद्रात लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. हा भोंगा इतका कर्कश होता की तेथे काम करणाऱ्या मुली घाबरत, म्हणून त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबावा लागला, असे सांगितले जाते. इशारा देणारे साधनच ऐकणाऱ्याचा ताण वाढवू शकते, याचे हे जुने आणि बोलके उदाहरण होय.

भारतात दीर्घकाळ पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ असे वेगवेगळे क्रमांक होते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर ९३७ रुग्णवाहिकांची सेवा सुरू झाली आणि ती विशेषतः ग्रामीण भागात लोकांच्या तोंडी बसली. तथापि कोणत्या संकटाला कोणता क्रमांक, हे संकटातच आठवावे लागत असे. देशासाठी ११२ हा एकच क्रमांक असावा अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशातून त्याची सुरुवात झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात ही सेवा कार्यान्वित झाली. तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुय्यम केंद्र नागपुरात आहे. स्मरणावरील ओझे कमी करणारी ही सुधारणा निःसंशय मोलाची आहे.

याच काळातील दुसरी तरतूद म्हणजे मोबाइलवरील संकटकळ. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या मोबाइलवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरल्यास आणि स्मार्टफोनवर चालू-बंदचे बटण झटपट तीनदा दाबल्यास मदतीची हाक जावी, अशी सोय बंधनकारक झाली. यातील ५ या कळेची निवड विचारपूर्ण वाटते, कारण साध्या मोबाइलवर त्या कळेवर बोटाला जाणवणारा उंचवटा असतो आणि ती न पाहताही सापडते. स्मार्टफोनचा पडदा सपाट काचेचा असतो. त्यावर बोटाला ओळखू येणारी खूण नसते, म्हणून बाजूच्या बटणाचा आधार घेतलेला दिसतो. रचना म्हणून दोन्ही निर्णय योग्य आहेत. परंतु नियम राजपत्रात असून भागत नाही. तो बोटांत उतरावा लागतो. ज्या कृतीचा एकदाही सराव केलेला नाही ती कृती घाबरलेला माणूस करील, ही अपेक्षा मानसशास्त्राच्या सर्व निष्कर्षांविरुद्ध आहे.

४. हाक देणारा : नागपूर, २३ सप्टेंबर २०२३

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वाहू लागली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी आणि मोरभवन बसस्थानकापर्यंतचा परिसर पाण्याखाली गेला. लोक झोपेत होते. अनेकांना पुराची पहिली वार्ता पलंगाला लागलेल्या पाण्याने दिली. राज्य व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दले आणि सैन्याची पथके मदतीस आली. जीवितहानी आणि मोठी वित्तहानी झाली.

या प्रसंगाच्या प्रकाशात आजच्या आपत्कालीन ॲपची रचना पाहिल्यास तीन उणिवा जाणवतात.

पहिली उणीव वर्गीकरणाची. ११२ चे ॲप असो वा अन्य कोणते, त्यावरील मुख्य विभागणी पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय अशी असते. ही शासकीय खात्यांची विभागणी आहे. माणसाच्या मनात संकट खात्याच्या नावाने येत नाही. ते 'पाणी शिरले', 'आग लागली', 'साप चावला', 'मारहाण चालली आहे' असे येते. घरात पाणी शिरलेल्या माणसाने पोलीस निवडावे की अग्निशमन? नागपूर महानगरपालिकेचे अग्निशमन दल पुरात अडकलेल्यांना बाहेर काढते हे जाणकारांना ठाऊक असते, परंतु 'अग्निशमन' हा शब्द पाहून पाण्यात उभा असलेला मनुष्य ती कळ दाबील असे गृहीत धरता येत नाही. कोणते खाते धावून येईल हे ठरवणे प्रणालीचे काम आहे. ते भयग्रस्त नागरिकावर सोपवणे म्हणजे कार्यालयाची अंतर्गत रचना त्याच्या माथी मारणे होय.

दुसरी उणीव भाषेची. मराठी अनुवाद उपलब्ध असणे आणि भाषा संकटात उपयोगी पडणे या भिन्न गोष्टी आहेत. 'आपत्कालीन प्रतिसाद साहाय्य प्रणाली' हे नाव परिपत्रकात शोभते, पण धावा करणाऱ्याच्या ओठी ते येत नाही. नागपूरचा माणूस 'घरात पाणी घुसून राह्यलं' असे बोलतो. भंडारा-गोंदियाकडचा माणूस हिंदीचा आधार घेतो, गडचिरोलीच्या काही भागांत गोंडी किंवा माडिया बोलली जाते. ताणात माणूस शिकलेली भाषा सोडून घरच्या भाषेकडे वळतो. म्हणून कळेवरील शब्द घरच्या भाषेतला आणि शक्यतो दोन अक्षरांचा हवा. 'आग', 'पूर', 'साप', 'मार' हे शब्द मराठीत तयारच आहेत.

तिसरी आणि सर्वांत गंभीर उणीव आवाजावरील भिस्तीची. या पुरात मूकबधिर विद्यालयातील विद्यार्थ्यांना बचाव पथकांनी सुखरूप बाहेर काढले. ही बातमी दिलासा देणारी होती, पण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. त्या मुलांनी स्वतः हाक कशी दिली असती? संपूर्ण व्यवस्थेचा कणा दूरध्वनीवरील संभाषण आहे. लघुसंदेश आणि ॲप यांचे मार्ग उपलब्ध असले तरी लघुसंदेशाला लिखित भाषा लागते, आणि ज्या मुलांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांना घाबरलेल्या अवस्थेत वाक्य लिहिणे सोपे नाही. ॲप आधी उतरवून, नोंदणी करून ठेवावे लागते. पाण्याचे, आगीचे, जखमेचे चित्र असलेली मोठी कळ आणि ती दाबल्यावर 'मदत निघाली' हे सांगणारे चित्र व कंप, एवढी रचना या मुलांना पुरेशी ठरली असती. ती लहान मुलाला, निरक्षर वृद्धेला आणि घुसमटीमुळे बोलू न शकणाऱ्यालाही पुरली असती. किंबहुना तीव्र भयात वाचा बसते तेव्हा प्रत्येक माणूस काही काळ मूक होतो. मूकबधिरांसाठीची सोय ही म्हणूनच एखाद्या अल्पसंख्य गटासाठीची सवलत मानता येणार नाही. तीच मूळ रचना असायला हवी.

५. हाक ऐकणारा : नियंत्रण कक्षातील माणूस

राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून ११२ वर केलेला कॉल दोन मध्यवर्ती केंद्रांपैकी एका ठिकाणी घेतला जातो आणि तेथून तो जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे व पुढे वाहनाकडे जातो. कॉल घेणाऱ्या कर्मचाऱ्याने घटनास्थळ पाहिलेले असण्याची शक्यता अल्प असते. त्याच्यासमोर नकाशा आणि भरावयाचा तक्ता असतो, कानात रडणे किंवा किंकाळी असते.

येथे पत्त्याचा प्रश्न निर्णायक ठरतो. नागपूरचा माणूस स्थान चौकाने सांगतो. 'शंकरनगर चौकातून आत', 'झाशी राणी चौकाच्या मागे', 'मंदिराजवळचा पिवळा बंगला' अशी त्याची रीत आहे. शहराच्या वाढीत ले-आउट पडत गेले आणि एकाच देवाच्या किंवा संताच्या नावाची अनेक नगरे वसली. तक्ता मात्र घर क्रमांक, रस्ता, वस्ती, पिनकोड या क्रमाने प्रश्न विचारतो. कर्मचाऱ्याने त्या क्रमाने विचारले तर बोलणाऱ्याची त्रेधा उडते, आणि बोलणाऱ्याच्या क्रमाने ऐकले तर तक्ता रिकामा राहतो. दोन्हींचा ताण कर्मचाऱ्यावर येतो. मोबाइलकडून आपोआप येणारे स्थान उपयुक्त असले तरी मनोऱ्यावरून काढलेले स्थान अनेकदा वस्तीपुरतेच अचूक असते, दारापर्यंत ते नेत नाही. म्हणून 'जवळ काय दिसते?' हा प्रश्न तक्त्यात पहिला हवा, आणि चौक, मंदिर, शाळा, पाण्याची टाकी यांची स्थानिक नावे शोधाच्या मुळाशी हवीत.

कर्मचाऱ्याच्या ताणाकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, याचे उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने पुरवले आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तेथे गाड्या रवाना करण्याची नवी संगणकप्रणाली पूर्णतः लागू करण्यात आली. गाडीचे स्थान व स्थिती यांची माहिती जवळजवळ निर्दोष असेल, असे तिच्या रचनेत गृहीत धरले होते. प्रत्यक्षात माहिती अपुरी येऊ लागली, एकाच घटनेसाठी पुन्हापुन्हा कॉल आले, आणि पडद्यावर अडचणींच्या सूचनांची यादी इतक्या वेगाने वाढली की जुन्या सूचना वर सरकून नजरेआड झाल्या. काही दिवसांतच सेवेला जुन्या हाती पद्धतीकडे परतावे लागले. चौकशी अहवालात तांत्रिक दोषांइतकेच घिसाडघाईने केलेली अंमलबजावणी आणि अपुरे प्रशिक्षण यांवर बोट ठेवले गेले. गर्दी वाढली की पडद्यावरची माहिती वाढावी, ही कल्पना मुळातच चुकीची आहे. कॉल वाढतील तसा पडदा अधिक मोकळा होत गेला पाहिजे आणि एका वेळी एकच पुढचे काम ठळक दिसले पाहिजे.

६. धावून जाणारा : वाहनातील जवान

घटनास्थळी निघालेल्या वाहनात एक पडदा बसवलेला असतो. त्यावर घटनेचा तपशील येतो, आणि जवानाने 'निघालो', 'पोहोचलो', 'काम संपले' अशा स्थिती कळवायच्या असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दुपारच्या उन्हात काचेवरील फिकट अक्षरे दिसत नाहीत. अग्निशमन जवानाच्या हातात जाड हातमोजे असतात आणि स्पर्शाने चालणारा पडदा त्यांना दाद देत नाही. पुरात बोटे ओली असतात, तेव्हाही तेच. दिखाऊ कक्षात सहज चालणारे साधन रस्त्यावर अडते ते असे.

त्याहून सूक्ष्म प्रश्न मोजमापाचा आहे. प्रतिसादाचा वेळ ज्या आकड्याने मिरवला जातो, तो जवानाने कळ कधी दाबली हे सांगतो. गाडी कधी पोहोचली हे तो सांगेलच असे नाही. जखमीला उचलायला धावलेला जवान कळ दाबायला विसरला तर आकडा वाईट दिसतो. आकड्याची चिंता करणारा जवान आधी कळ दाबतो आणि मग जखमीकडे वळतो. अशा रीतीने प्रणाली माणसाचे प्राधान्य बदलू शकते. गाडीचे स्थान यंत्राला आपोआप कळत असेल तर ती नोंद जवानाकडून मागण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न रचनेच्या वेळीच विचारला जायला हवा. माणसाकडे फक्त तेवढेच मागावे, जे यंत्राला स्वतः कळू शकत नाही.

७. न आलेली हाक

वरील तिन्ही पातळ्यांवर एक गृहीत समान आहे, ते म्हणजे कोणीतरी हाक देईल. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गावातून मदतीचा पहिला कॉल आला नाही. सकाळी तेथे पोहोचलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याच्यामुळे जगाला वार्ता कळली. विदर्भात भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात वारंवार तुटतो. अशा वेळी मोबाइलही मुका झाला तर नियंत्रण कक्षाच्या नकाशावर त्या भागात एकही ठिपका उमटणार नाही.

हा रिकामा नकाशा फसवा असतो. ज्या वस्तीतून शंभर कॉल येतात ती लाल दिसते आणि मदत तिकडे जाते. जेथून एकही कॉल येत नाही ती वस्ती सुरक्षित मानली जाण्याचा धोका असतो. ताणाखालील अधिकारी दिसणाऱ्या गोष्टीकडे ओढला जातो, हे ईस्टरब्रुक यांच्या मांडणीशी सुसंगतच आहे. म्हणून शांतता आणि संपर्कतुटी यांना नकाशावर निरनिराळे रंग हवेत. मनोरा बंद पडला, नेहमीचे कॉल अचानक थांबले, एस.टी. परतली नाही, या गोष्टी प्रणालीने 'माहिती नाही' अशा ठळक खुणेने दाखवल्या पाहिजेत. ही सुधारणा खर्चाची नाही, दृष्टीची आहे.

८. चुकीची हाक आणि एक आक्षेप

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. हाक देणे इतके सोपे केले तर खिशात दाबल्या गेलेल्या कळा आणि खोडसाळ कॉल यांनी कक्ष भरून जातील व खरा संकटग्रस्त मागे पडेल. हा धोका काल्पनिक नाही. परंतु त्यावर उपाय म्हणून हाक देणे अवघड केले तर खरा संकटग्रस्तच अडतो, कारण अडथळे ओलांडण्याची शक्ती निवांत माणसात अधिक असते. योग्य उपाय दुसऱ्या टोकाला आहे. हाक देणे सोपे असावे आणि ती चूक असल्याचे कळवणेही तितकेच सोपे असावे.

हवाई बेटांवरील घटनेने हेच दाखवले. १३ जानेवारी २०१८ रोजी तेथील नागरिकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा गेला. सराव आणि खरा इशारा यांतील भेद प्रणालीत पुरेसा स्पष्ट नव्हता, एकच कर्मचारी तो पाठवू शकत होता, आणि इशारा मागे घेण्याची पूर्वतयारी नव्हती. चुकीची दुरुस्ती करणारा संदेश मोबाइलवर पोहोचायला ३८ मिनिटे लागली. भारतातही २०२३ मध्ये मोबाइलवर मोठ्या आवाजासह उमटणाऱ्या इशारा संदेशांच्या चाचण्या झाल्या. अशा साधनाची ताकद जितकी मोठी, तितकी त्याच्या परतीच्या वाटेची आखणी काटेकोर हवी.

तथापि 'रद्द करा' या कळेलाही मर्यादा आहेत. छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या हातून मोबाइल हिसकावून हल्लेखोरच ती कळ दाबू शकतो. म्हणून रद्दीकरण हा अंतिम शब्द मानू नये आणि कर्मचाऱ्याने खातरजमा करावी. याच कारणाने हाक गेल्यावर मोठा आवाज करणारी रचना काही प्रसंगी घातक ठरते. आगीत आवाज हवा, घरातील हिंसेत निःशब्दता हवी. सर्व संकटांना एकच साचा लागू पडत नाही, हे रचनाकाराने ध्यानी घेतले पाहिजे.

९. कवायतीचे मैदान

या उणिवांचे मूळ प्रणाली कोठे आणि कोणासमोर तपासली जाते यात आहे. तिचे सादरीकरण वातानुकूलित सभागृहात, अधिकाऱ्यांपुढे, कोणताही ताण नसताना होते. तपासणी मात्र कवायतीच्या मैदानावर व्हायला हवी, आणि असे मैदान नागपुरात अनेक दशके आहे. १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ मध्ये नागपुरात आले. २९ एप्रिल १९५७ रोजी येथेच केंद्रीय आपत्कालीन साहाय्य प्रशिक्षण संस्था स्थापन झाली, जी पुढे १९६८ मध्ये राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही याच शहरात उभी राहिली. धूर, अंधार, उंची आणि उष्णता यांत माणसाचे शरीर व मन कसे वागते, याचे ज्ञान या संस्थांच्या प्रशिक्षकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. शिडी, दोर आणि नळी यांची कवायत इतक्या वेळा करून घेतली जाते की संकटात हात स्वतःहून चालतात.

संगणकप्रणाली या परंपरेच्या बाहेर राहिली आहे. नागपुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प म्हणून आपत्कालीन ॲप तयार करू शकतात, पण ते धुराच्या खोलीत, हातमोजे घालून, धावून दमल्यावर वापरून पाहण्याची अट कोणत्याही मूल्यमापनात नसते. प्रशिक्षण संस्थेचे मैदान, अभियंत्याची कारागिरी, भाषातज्ज्ञाचा शब्द आणि मूकबधिर विद्यालयातील मुलांचा अनुभव ही चारही साधने या शहरात काही किलोमीटरच्या अंतरात उपलब्ध आहेत. त्यांना एकत्र आणणारी व्यवस्था हवी आहे.

१०. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) आपत्कालीन संगणकप्रणालीची खरी कसोटी तिच्यातील सोयींच्या संख्येवर ठरत नाही. भयग्रस्त माणसाकडून ती किती वाचन, स्मरण आणि निवड मागते यावर ती ठरते.

(२) कळांचे वर्गीकरण खात्यांनुसार न करता संकटानुसार, घरच्या भाषेतील लहान शब्दांत आणि चित्रांसह असावे. बोलू न शकणारा माणूस हाच रचनेचा पहिला वापरकर्ता मानावा.

(३) पत्त्याच्या तक्त्याने स्थानिक रीतीला, म्हणजे चौक व ठळक खुणा यांना अग्रस्थान द्यावे. कॉलांची गर्दी वाढताना कर्मचाऱ्यापुढील पडदा अधिक साधा व्हावा.

(४) यंत्राला स्वतः कळू शकणारी कोणतीही नोंद धावत्या जवानाकडून मागू नये.

(५) ज्या भागातून माहिती येत नाही तो भाग सुरक्षित भागापासून वेगळा दाखवावा.

(६) इशारा देण्याइतकीच इशारा मागे घेण्याची वाट आधी आखलेली असावी.

(७) कोणतीही आपत्कालीन प्रणाली स्वीकारण्यापूर्वी कवायतीच्या मैदानावर, प्रत्यक्ष ताणात तिची तपासणी बंधनकारक करावी. नागरिकांसाठीही शाळा-महाविद्यालयांतून संकटकळेचा सराव वर्षातून किमान एकदा घेतला जावा.

१९३७ मध्ये दूरध्वनीचा क्रमांक ठरवणाऱ्यांनी धुरात चाचपडणाऱ्या बोटांचा विचार केला होता. त्यांच्याकडे संगणक नव्हता, उपग्रह नव्हता. आज ही सर्व साधने हाताशी आहेत, आणि प्रत्येक नव्या प्रणालीला तोच जुना प्रश्न विचारावा लागणार आहे : अंधारात, कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या मुलाला ही कळ सापडेल काय?